कुस्तीशौकिनाची कैफियत

कोणास गायनाचा नाद असतो, कोणास बुद्धिबळाचा; कोणी क्रिकेटच्या सामन्यापायीं दिवसभर अन्नपाणी विसरतो. अशा मनुष्यास कोणी जाब विचारीत नाहीं. परंतु एखाद्या शिक्षकास कुस्त्या पाहण्याचा नाद आहे असें कळलें, कीं लोक त्याजकडे जरा निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतात. मी गेलीं तीस वर्षें कुस्त्यांचे फड पाहत आलों आहें. या अवधींत स्नेह्यांनीं, सोयऱ्यांनीं, मंडळींतील वडीलधाऱ्यांनीं व शिक्षकवर्गांतील विद्वान सहकाऱ्यांनीं मला अनेक प्रश्न विचारले. त्यांचीं उत्तरें मीं प्रसंगोपात्त दिलीं. पण तोंडी उत्तर वादांत वाहून जातें. म्हणून यंदाच्या वार्षिकांत तीं एकत्र लिहून ठेवीत आहें. आपले कांहीं विद्यार्थी तालमींत जातात, व त्यांपैकीं कित्येकांस घरीं आणि वर्गांत थट्टा सोसावी लागते, हेंहि या लेखाचें एक कारण आहे.

ज्यांनीं फड पाहिलाच नाहीं, त्यांच्यासाठीं आधीं थोडें वर्णन केलें पाहिजे. आपल्या परभणी जिल्ह्यांत सुगी आटोपून ज्वारी घरांत आली, कीं यात्रांचे दिवस येतात. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, कोणत्याहि तालुक्यांत जा. ज्या गांवची यात्रा मोठी, त्या गांवीं बहुधा कुस्त्या ठेवलेल्या असतात. एखादें शेत नांगरून, ढेंकळें फोडून, खडे वेंचून भुसभुशीत केलेलें असतें. भोंवतीं माणसें गोलाकार बसतात, मागचीं उभीं राहतात, पोरें झाडांवर चढतात आणि हलगी वाजूं लागते. प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर व नारळांवर लागतात. मग इनाम हळूहळू चढत जातें, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास शेवटची मोठी कुस्ती लागते. तिचें इनाम गांवकऱ्यांनीं वर्गणीनें उभें केलेलें असतें. कुस्ती जोडण्याची रीतहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. पंच दोघां गड्यांस समोरासमोर उभे करून त्यांची अंगलट पाहतात, दोघांची संमति घेतात, आणि मगच जोड ठरते. हलक्या गड्यास भारी गडी दिला, तर भोंवतालचे लोकच ओरड करितात.

मातींतील कुस्तीचा कायदा एका वाक्यांत सांगतां येतो: प्रतिपक्ष्याची पाठ जमिनीस लावावी, दोन्ही खांदे टेकले कीं कुस्ती झाली. ठोसा नाहीं, लाथ नाहीं, चावा नाहीं. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते. तींत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात व गुण मोजले जातात. मातींत मात्र जुन्या रीतीप्रमाणें निकाल लागेपर्यंत झुंज चालत असे, आणि अजूनहि मोठ्या फडांत लोकांस निकाली कुस्तीच आवडते.

आतां 'शौकीन' या शब्दाविषयीं. शौकीन म्हणजे नुसता बघ्या नव्हे. बघ्यास गडी पडल्यावर कळतें. शौकिनास तो कां पडणार हें आधीं दिसतें. त्यास एकेरी पट व दुहेरी पट यांतील भेद ठाऊक असतो. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, धोबीपछाड हे डाव तो नांवानें ओळखतो. धोबीपछाडींत गडी प्रतिपक्ष्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढून घेतो, त्याच्या पोटाखालीं आपली पाठ नेतो, आणि धोबी दगडावर कपडा आपटतो त्याप्रमाणें त्यास पुढें टाकतो. पण समोरच्यानें कंबर खालीं ठेवून भार मागें घेतला, तर हाच डाव डाव टाकणाराच्या अंगाशीं येतो. प्रत्येक डावास तोड आहे व प्रत्येक तोडीस पुन्हां तोड आहे. हें सारें घडण्यास क्षणहि लागत नाहीं, आणि तो क्षण वाचतां येणें हाच शौकिनाचा आनंद होय.

इतकें सांगून आक्षेपांकडे वळतों.

पहिला आक्षेप असा कीं, कुस्ती हा रानटी खेळ आहे; दोन माणसांनीं एकमेकांस लोळवावें आणि हजारोंनीं आरोळ्या ठोकाव्या, यांत सुसंस्कृत मनुष्यानें काय पाहावें? यास माझें उत्तर असें कीं, मारामारी आणि कुस्ती यांत जो फरक आहे, त्यांतच या खेळाचें सारें मर्म आहे. मारामारींत दुसऱ्यास इजा करणें हा हेतु असतो. कुस्तींत इजा न करितां त्यास पाठीवर पाडणें हा हेतु असतो, आणि हें दुसरें काम पहिल्याहून पुष्कळ कठीण आहे. गडी मातींत उतरतांना ती माती कपाळास लावितो व प्रतिपक्ष्याशीं हात मिळवितो. कुस्ती झाल्यावर जिंकलेला हरलेल्यास हात देऊन उठवितो. अंगांत बळ असून तें नियमाबाहेर जाऊं न देणें, हें ज्यास रोज तालमींत शिकावें लागतें, तो मुलगा गल्लींत उगीच हात उगारीत नाहीं, असा निदान माझा अनुभव आहे. दुखापती होतात, खांदे निखळतात, कान चुरगळून कायमचे सुजतात, हें मी नाकारीत नाहीं. पण दुखापती फुटबॉलांतहि होतात, आणि फुटबॉलास कोणी रानटी म्हणत नाहीं.

ज्यांस ही कला केवळ अडाण्यांची वाटते, त्यांनीं एक जुनी गोष्ट लक्षांत घ्यावी. कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य आपल्या मराठवाड्यावरहि होतें. त्या घराण्यांतील तिसरा सोमेश्वर या राजानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. राजनीति, पाकशास्त्र, संगीत अशा विषयांबरोबर त्यांत 'मल्लविनोद' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. नऊशें वर्षांपूर्वीं एका विद्वान राजास जो विषय ग्रंथांत घेण्याजोगा वाटला, तो आज शिक्षकास लाजिरवाणा कां वाटावा?

आपल्या मंडळींतील ज्या वडिलांस हा नाद ख्रिस्ती मनुष्यास न शोभणारा वाटतो, त्यांस मी नम्रपणें उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायाची आठवण देतों. यब्बोकाच्या उतारापाशीं याकोब रात्रभर झोंबी घेत राहिला. जांघेचा सांधा निखळला तरी त्यानें पकड सोडली नाहीं, आणि उजाडतां आशीर्वाद घेऊन तो लंगडत निघाला. पौलानेंहि करिंथकरांस लिहितांना शर्यतीचा व मुष्टियुद्धाचा दृष्टान्त घेतला आहे. करिंथाजवळ इस्थमियन खेळ भरत असत व ते त्याच्या वाचकांच्या परिचयाचे होते. खेळ पाहणें हीच निंद्य गोष्ट असती, तर इतक्या गंभीर विषयासाठीं तो मैदानाची भाषा वापरता ना.

दुसरा आक्षेप एका म्हणींतच सामावला आहे: पैलवानाची अक्कल गुडघ्यांत. ही म्हण ज्यानें केली, त्यानें कुस्ती दुरून पाहिली असावी. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें आपला गामा व पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को गाम्याहून पुष्कळ भारी होता. आरंभींच गाम्यानें त्यास खालीं घेतलें. त्यानंतर झिबिस्को गादीस पोट लावून जो राहिला, तो अडीच तासांहून अधिक वेळ जवळजवळ तसाच राहिला. कुस्ती अनिर्णीत ठरली. पुढच्या आठवड्यांत पुन्हां लढण्याचें ठरलें होतें, त्या दिवशीं झिबिस्को आलाच नाहीं. नवख्यास वाटेल कीं त्या अडीच तासांत कांहींच घडलें नाहीं. शौकीन मात्र जाणतो कीं, जो भारी गडी कोंपरें आवळून, सारा भार खालीं टाकून पडून राहतो, त्यानें जिंकण्याची आशा सोडून फक्त न हरण्याचा निश्चय केलेला असतो. म्हणजे वरच्याचें श्रेष्ठत्व त्यानें कबूल केलेलें असतें. १९२८ च्या जानेवारींत पतियाळा येथें दोघे पुन्हां समोरासमोर आले, तेव्हां गाम्यानें एका मिनिटाच्या आंत त्यास चीत केलें. लंडनमधील निकाल ज्यांनीं नीट वाचला होता, त्यांस पतियाळ्याचें नवल वाटण्याचें कारण नव्हतें.

अकलेसंबंधीं आणखी एक गोष्ट सांगतों. तालमींत जाणाऱ्या एका मुलास तरफेचा धडा कांहीं केल्या समजेना. टेंकू कोठें, भार कोठें व जोर कोठें, यांत तो सारखा घोंटाळे. शेवटीं मीं त्यास म्हटलें, "धोबीपछाड टाकतांना तुझी कंबर कोठें असते, तें सांग." त्यानें फळ्यापाशीं येऊन स्वतः आकृति काढली, कंबरेच्या जागीं टेंकू दाखविला, आणि कंबर वर राहिली तर डाव कां फसतो हें साऱ्या वर्गास समजावून दिलें. अक्कल त्याच्यापाशीं पूर्वींपासूनच होती. तिला हांक मारण्याची भाषा मात्र मला त्या दिवशीं सांपडली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे दोन भाग आहेत. पैलवान पैशासाठीं लढतात, हा पहिला. आणि पैशासाठीं लढतात म्हणून कुस्त्या खोट्या असतात, हा दुसरा.

पैलवान पैशासाठीं लढतो हें खरें आहे, व त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. दूध, तूप, बदाम यांचा खुराक फुकट मिळत नाहीं. पूर्वीं हा भार संस्थानिक उचलीत. कोल्हापुरचे शाहू महाराज यांनीं १८९४ पासून १९२२ पर्यंतच्या आपल्या कारकीर्दींत देशोदेशींच्या मल्लांस आश्रय दिला, आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान खुलें केलें. संस्थानें गेलीं, तेव्हांपासून हा भार गांवोगांवच्या वर्गणीवर आला. गामा धंदेवाईक मल्लच होता. शिक्षक वेतन घेतो, वैद्य फी घेतो, कीर्तनकार बिदागी घेतो; त्यायोगें विद्या, औषध व कीर्तन खोटीं ठरत नाहींत.

आतां खोटेपणाविषयीं. दोन गड्यांनीं आधींच संगनमत करून खेळलेल्या कुस्तीस 'नुरा कुस्ती' म्हणतात. अशा कुस्त्या होतात, हें मी शपथेवर सांगावयास तयार आहें. परंतु या रोगास नांव कोणीं दिलें, हें पाहा. तें कुस्तीच्या निंदकांनीं दिलेलें नाहीं. फडांत बसणाऱ्या लोकांच्याच तोंडीं तें आहे. जो कुस्ती ओळखतो, त्यास पकडींत जोर नसलेला हात दिसतो, तोड असून न टाकणारा गडी दिसतो, आणि तो बसल्या जागेवरून ओरडून सांगतो. गांवच्या फडांत खोटी कुस्ती उघडकीस आणणारें दुसरें न्यायालय नाहीं. म्हणून जाणत्यांनीं फडाकडे पाठ फिरविली, तर लबाडी थांबणार नाहीं. उलट तिला रान मोकळें मिळेल.

येथें कोणी म्हणेल, "मग टेलिव्हिजनवरील परदेशी कुस्त्यांचें काय? मुलें तर त्यांवरच लुब्ध आहेत." हा प्रश्न योग्य आहे. त्या कुस्त्यांचे निकाल आधीं ठरलेले असतात. १९८९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें त्या धंद्यांतील मोठ्या कंपनीनें स्वतःच आपला खेळ म्हणजे करमणूक असल्याचें मान्य केलें. आपल्याकडेहि दारासिंग व किंगकाँग यांच्या 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांनीं एक काळ गाजविला. २९ मे १९६८ रोजीं मुंबईंत दारासिंगानें अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळविला, तो त्याच प्रकारांतील होता. पुढें २००७ सालीं हिमाचल प्रदेशांतील खली हा अमेरिकेंत विजेता झाला, तेव्हां आपल्या खेड्यांतील मुलांनींहि जल्लोष केला.

या प्रकाराचा मी द्वेष करीत नाहीं. तें एक नाटक आहे, आणि नाटक म्हणून पाहिलें तर त्यांत दोष नाहीं. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकांत भीम कीचकास मारतो, तेव्हां नट मेला असें कोणा प्रेक्षकास वाटत नसे. तरीहि १९०७ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकावर इंग्रज सरकारनें १९१० सालीं बंदी घातली. रंगमंचावरील मरण खोटें होतें, पण तें पाहून प्रेक्षकांच्या मनांत उठणारा भाव खरा होता, आणि सरकारला भय त्याचेंच होतें. उंचावरून पाठीवर पडणें, तें दुखावल्यावांचून साधणें, आणि दुष्ट-सुष्टांची कथा एक शब्दहि न बोलतां सांगणें, ही सुद्धां एक कला आहे. खरी कुस्ती म्हणून पैसे घेऊन नाटक दाखविणें ही फसवणूक. नाटक म्हणून नाटक दाखविणें ही करमणूक. शौकिनाचें काम दोहोंमधील रेषा ओळखण्याचें आहे. मुलांस मात्र एवढें बजावून सांगितलें पाहिजे कीं, त्या नटांच्या उड्या अनेक वर्षांच्या शिक्षणानें साधलेल्या असतात. त्या वर्गांतील बांकांवरून मारावयाच्या नाहींत.

कुस्तींत आज दोष नाहींत, असेंहि मी म्हणत नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत निकालावरून वाद पेटला, एका नामांकित मल्लानें पंचास लाथ मारली, आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. त्या दिवशीं मला फार वाईट वाटलें. परंतु त्यास सर्वांत अधिक दोष देणारे लोक कुस्तीचे शौकीनच होते, हेंहि मीं पाहिलें. ज्यास एखादी गोष्ट प्रिय असते, त्यासच तिच्यांतील डाग खुपतो.

चौथा आक्षेप असा: पाहून काय मिळतें? वेळ मात्र जातो. याचें उत्तर मी दोन उदाहरणांनीं देतों.

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ गोळेश्वर म्हणून खेडें आहे. तेथील खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. १९५२ सालीं त्यांस हेलसिंकीस जावयाचें होतें, पण खर्चाला पैसा नव्हता. लोकांनीं वर्गणी दिली. आणि कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीं आपल्या विद्यार्थ्यासाठीं राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरें वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें, आणि कुस्तींतील दुसरें पदक तर २००८ सालीं आलें. ते प्राचार्य मातींत उतरले नव्हते. ते पाहणारे होते. पाहणाऱ्यानें काय करावें, हें त्यांच्या गहाणखतावरून कळतें.

दुसरें उदाहरण आपल्या मराठवाड्यांतील आहे. लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले व १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पुढें ते वस्ताद झाले आणि त्यांनीं मुलें घडविलीं. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांच्याच हाताखालीं तयार झाला. २०११ सालीं बिराजदार वारले. २०१८ सालीं राहुलनें गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल स्पर्धेचें सुवर्णपदक जिंकलें तें आपल्या दिवंगत गुरूस अर्पण केलें, आणि २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक घेतलें. अशी परंपरा कोरड्या रानांत उगवत नाहीं. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून ज्यांनीं त्या मुलांस शाबासकी दिली, त्या बिननांवाच्या लोकांचा तींत वांटा आहे.

२०१८ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र केसरीची स्पर्धा शेजारीं जालन्यास भरली. बुलढाण्याकडून लढणारा बाला रफिक शेख तींत विजयी झाला. त्या वेळीं नांव-गांव, जात-धर्म न विचारतां फेटे उडविणारे लोक ज्यानें पाहिले असतील, तो फडास नुसती गर्दी म्हणणार नाहीं. आतां मुलीहि या मातींत उतरल्या आहेत. २०१६ सालीं साक्षी मलिकनें रिओ ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. मार्च २०२३ मध्यें सांगलीस महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी तींत पहिली आली. कुस्ती हा केवळ दांडगट पुरुषांचा उद्योग आहे, हा समजहि आतां टिकणारा नाहीं.

असो. पालकांस माझी विनंती एवढीच कीं, मुलगा किंवा मुलगी तालमींत जाऊं इच्छीत असेल, तर त्यांस अडवूं नका. अभ्यासाचा वेळ मात्र ठरवून द्या. खुराकाच्या नांवाखालीं कोणी इंजेक्शन वा चूर्ण देऊं करील, तर वैद्यास विचारल्यावांचून घेऊं देऊं नका. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, वर्गबंधूच्या सुजलेल्या कानास हसूं नका. पहांटे उठून जोर-बैठका काढणें तुम्हांस एक आठवडा तरी साधतें का, तें आधीं करून पाहा. आणि ज्या सहकाऱ्यांनीं मला इतकीं वर्षें प्रश्न विचारले, त्यांस माझें आमंत्रण आहे. माझ्या लहानपणीं गजबजलेल्या कित्येक तालमींस आज कुलपें आहेत. फडाभोंवतीं जाणते लोक जितके कमी होतील, तितकीं तीं कुलपें वाढतील. येत्या चैत्रांत जवळच्या एखाद्या यात्रेस माझ्याबरोबर चला. मी शेजारीं बसून डावांचीं नांवें सांगत जाईन. शेवटच्या कुस्तीपर्यंत बसूनहि तुमचें मत पालटलें नाहीं, तर परत येतांना मी वाद घालणार नाहीं.